वरून तिसरी खाच

दिवाळीपूर्वीची साफसफाई ही खरे पाहता एक चौकशीच असते. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, कपाटे भिंतीपासून हात-हातभर पुढे येतात आणि वर्षभर आपण काय काय दृष्टीआड करून सुखाने जगत होतो त्याचा पंचनामा सुरू होतो. दुरुस्तीला द्यायचे म्हणून बाजूला ठेवलेले घड्याळ सापडते. कुणाला तरी परत करायचे राहिलेले पुस्तक सापडते. मी त्या दिवसांत होता होईल तो घराबाहेर राहतो. रद्दी घालणे, उटणे आणणे, पणत्या आणणे ही कामे मी आपण होऊन अंगावर घेतो. त्यामुळे घरात माझी कामसू म्हणून थोडी कीर्तीही आहे.

गेल्या वर्षी मात्र चौकशी थेट माझ्यापर्यंत येऊन पोचली, आणि तीही घरातून नव्हे, सोसायटीकडून. मुलुंड पश्चिमेला आमची तीन मजल्यांची जुनी इमारत आहे. अशा इमारतींच्या नशिबी हल्ली जे येते ते तिच्याही आले : पुनर्विकास. सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली, ‘जिन्याखालील सर्व सामान दिवाळीपूर्वी हलवावे, न हलविल्यास भंगारात देण्यात येईल.’ जिन्याखाली कुणाची बाबागाडी होती, गणपतीच्या मखराचा सांगाडा होता, पाण्याची दोन पिंपे होती. आणि अगदी आत, भिंतीला टेकून, निळ्या ताडपत्रीखाली एक मोटारसायकल होती. ती माझ्या खात्यावर होती.

“अहो, देऊन टाका एकदाची,” सौभाग्यवती म्हणाली. “भंगारवाला जिन्यात उभाच आहे.”

भंगारवाल्याने ताडपत्री उचलून पाहिले आणि किलोचा भाव सांगितला. मी म्हणालो, “गाडी माझ्या नावावर नाही. मालकाची सही लागेल.”

बोललो मात्र, आणि माझा मलाच चटका बसला.

गाडी दादाची. माझ्याहून सात वर्षांनी मोठा असलेला माझा भाऊ भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होता. आमच्या या भागात तेव्हा यंत्रांचे नवल असे कुणाला वाटतच नसे. लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. त्यावर कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी बनत, भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर बनत. पहाटेपासून भोंगे वाजत आणि त्या भोंग्यांवर आमच्या आया कुकर लावीत. अशा वस्तीत वाढलेल्या मुलाने पैसे साठवून पहिली मोठी वस्तू घ्यायची ती मोटारसायकलच. १९८६ साली दादाने येझदी घेतली.

ज्यांनी ती गाडी ऐकली आहे त्यांना तिचे वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांना ते सांगून कळायचे नाही. म्हैसूरला १९६० साली आयडियल जावा नावाची कंपनी निघाली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली ती भारतात बनवू लागली, आणि १९७३पासून त्याच घराण्याची गाडी ‘येझदी’ या नावाने येऊ लागली. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आणि किकचा दांडाही एकच : तो आत दाबून वर फिरवला की गिअरची किक होई. हे गुपित ठाऊक नसलेला पाहुणा किक शोधत गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घाली, आणि दादा गॅलरीत उभा राहून मिशीत हसे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली. पण त्यांत नाव तेवढे जुने आहे.

पुढे दादा बोरिवलीला राहायला गेला. तिथे इमारतीत गाडी ठेवायला जागा नव्हती म्हणून येझदी आमच्याकडेच राहिली. दर रविवारी तो आईला भेटायला येई, आईची औषधे आणी, गाडीला किक मारी, मुलुंडला एक फेरी घालून येई आणि जेवून परत जाई. आई गेली २०१२ साली. त्यानंतरही काही महिने तो येत असे.

आणि मग मी ते पत्र पाठवले.

जागा आईच्या नावावर होती. सोसायटीच्या दफ्तरी ती माझ्या नावे करायची तर दादाचे ना-हरकत पत्र हवे होते. जागा मी घ्यायची हे आईच्या देखतच ठरले होते, त्यात वाद असा काही नव्हताच. कागद तयार झाला. मी तो कुरिअरने बोरिवलीला पाठवला. कुठे सही करायची ते चुकू नये म्हणून जागोजागी पेन्सिलीने फुल्या मारून पाठवला. सोबत चिठ्ठी नाही, आधी फोन नाही. रविवारी तो येणारच होता, तोवर थांबायलाही मला सवड नव्हती. चौथ्या दिवशी कागद परत आला, कुरिअरनेच. प्रत्येक फुलीवर दादाची ठसठशीत सही होती. चिठ्ठी त्यातही नव्हती.

त्यापुढच्या रविवारी दादा आला, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, “आठवड्यातून एकदा किक मारत जा. आणि बंद करताना आधी पेट्रोलची तोटी बंद कर, म्हणजे कार्बुरेटर रिकामा होईल.” चहा घेतला आणि गेला. त्यानंतर आमचे भांडण झाले नाही. लग्नामुंजीत भेटलो की आम्ही एकमेकांना “जेवलास का?” विचारतो. भांडण झाले असते तर ते मिटवता तरी आले असते.

मी चार-सहा आठवडे किक मारली. मग एका रविवारी पाऊस होता, एका रविवारी पाहुणे होते. शेवटच्या वेळी मी तोटी बंद केली होती की नाही ते मला आठवत नाही. म्हणजे केली नव्हती. हे २०१३ सालचे. एक तप लोटले.

आता या गाडीच्या भंगाराच्या कागदावर मी दादाची सही मागायची! पुन्हा एक कागद, पुन्हा फुल्या. मी भंगारवाल्याला नाही म्हणालो. निदान ती चालू करावी आणि मग काय ते दादाला कळवावे, असे मी ठरवले. मला मोटारसायकलीतले काय कळते? काही नाही. पण बंद पडलेल्या गाडीच्या पोटात आधी कार्बुरेटर बघावा, एवढे दादाच्या बाजूला बसून पाने देता देता मी ऐकले होते.

कार्बुरेटर ही मुठीत मावेल एवढी वस्तू आहे, आणि तिचे काम आपल्या घरातल्या जुन्या फ्लिटच्या पंपाचे आहे. त्या पंपात हवा जोराने एका नळीच्या तोंडावरून जाई आणि डब्यातले औषध आपोआप वर ओढले जाऊन त्याचा फवारा होई. हवा अरुंद वाटेने वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो, हे बर्नुलीने १७३८ साली सांगून ठेवले आहे. इंजिन हवा ओढते, ती कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून धावते आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकांतून वर येऊन तिच्यात मिसळते. वजनाने एक भाग पेट्रोलला पंधराएक भाग हवा. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी १८९३ साली असा फवाऱ्याचा कार्बुरेटर केला. एका फुलवालीला तोंडाने फुंकून फुलांवर पाणी शिंपडताना पाहून त्यांना तो सुचला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, ती मला आवडते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून कपड्यांवर फुर्रकन फवारा सोडी. त्याच्याकडे आम्ही दोघे भाऊ लहानपणी तासन् तास पाहत असू, पण आम्हांला काही सुचले नाही.

मी कार्बुरेटर सोडवला, वर आणला आणि जुना पेपर पसरून स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी त्याचे झाकण उघडले. आतून जुन्या वार्निशसारखा वास आला. सौभाग्यवती चकलीची भाजणी मळत होती. तिने नाकाला पदर लावला आणि परात उचलून ती बाहेरच्या खोलीत गेली. एक शब्द बोलली नाही. हा इशारा मी ओळखतो.

वाटीत पेट्रोल नव्हतेच. तळाशी लाखेसारखे पिवळेतपकिरी पुट होते. पेट्रोल हा काही एकच पदार्थ नव्हे. हलक्याजड अनेक द्रवांचे ते मिश्रण असते. गाडी उभी राहिली की हलके असते ते आधी उडून जाते. मागे उरते ते हवा लागून हळूहळू चिकट होत जाते. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. ते ऑइलही तिथेच बसते. शेवटी त्याचा डिंक होतो. मोडलेले, गंजलेले, झिजलेले असे मला आत काहीच दिसले नाही. सगळे भाग जागच्या जागी होते. फक्त वाट बुजली होती.

कार्बुरेटरमध्ये पितळेची छोटी जेट असतात. मोठे ते मेन जेट, त्याचे भोक जेमतेम मिलिमीटरभर. धाकटे ते पायलट जेट, त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. गाडी नुसती उभ्या उभ्या चालू राहते ती या धाकट्याच्या जिवावर. मी ते खिडकीकडे धरून डोळा लावला. पलीकडचे आभाळ दिसायला हवे होते. काही दिसले नाही.

अशा वेळी माणूस जे करील तेच मी केले. स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात आईची एक चपटी डबी अजून आहे. तिच्यात स्टोव्हच्या पिना आहेत. घरात गॅस येऊन इतकी वर्षे झाली, पण ती डबी फेकायचे धैर्य कुणाला झाले नाही. स्टोव्ह भगभगायला लागला की आई त्या पिनेने बर्नरचे भोक टोचायची, आणि निळी ज्योत पुन्हा सुरसुरू लागायची. बुजलेले भोक मोकळे करण्याची आमच्या घरातली ती एकमेव विद्या. मी पिन हातात घेतली. पण जेट दादाचे होते. ऐन वेळी धीर झाला नाही. सगळे भाग डब्यात भरून मी पाच रस्त्याजवळच्या एका गल्लीत म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो.

त्यांनी डब्यात डोकावले, माझ्या खिशातून डोकावणारी पिन पाहिली आणि कपाळाला हात लावला. “साहेब, ही आत घातली नाहीत ना? पितळ मऊ असतं. भोक एक केसभर मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते, मग ती कधी सुधारत नाही. बुजलेलं टोचायचं नसतं. भिजवायचं असतं.”

त्यांनी सगळे भाग कार्बुरेटर धुण्याच्या औषधात बुडवले आणि मला उद्या यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी टूथब्रशने वाटी घासली, ब्रशचाच एक केस ओढून काढून जेटमधून हळूच फिरवला आणि कंप्रेसरची हवा मारली. तरी आभाळ दिसेना. “अजून एक रात्र,” मेस्त्री म्हणाले आणि जेट पुन्हा भिजत घातले. हे काम शिकायला आता पोरे येत नाहीत असे ते म्हणाले. २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. आता पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो. “त्याला उघडून बघण्यासारखं काही नाही. बिघडला की बदला.” शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, तेव्हा गाडी उभी ठेवायची तर कार्बुरेटर रिकामा करूनच ठेवा, असे त्यांनी मला बजावले. दादाचेच वाक्य. मी मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रींनी जेट माझ्या हातात दिले. मी ते वर धरले. आत एक पांढरा ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. एवढे लहान आभाळ पाहून मला इतका आनंद होईल असे वाटले नव्हते.

पण एक घोटाळा मी आधीच करून ठेवला होता. कार्बुरेटरमध्ये एक लांब निमुळती सुई असते. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप बसवलेली असते. कोणत्या खाचेत, यावर गाडी किती पेट्रोल घेणार ते ठरते. सुई काढताना माझ्या हातून क्लिप निसटून ओट्यावर पडली होती आणि ती कोणत्या खाचेत होती ते मी पाहिलेच नव्हते.

“मधल्या खाचेत टाकू शकतो,” मेस्त्री म्हणाले. “पण गाडी ज्याच्या हाताची असते त्याने ती आपल्या कानाने लावलेली असते. मालक आहेत ना? मग त्यांनाच विचारा.”

मी दुकानाबाहेर येऊन फोन हातात घेतला. फोन करायला कारण लागते इतके आम्ही दूर गेलो होतो, आणि कारण सापडले ते एका खाचेचे.

“दादा, मी बोलतोय.”

“काय रे? सगळं ठीक?” त्याच्या आवाजात काळजी होती. आमच्याकडे अवेळी फोन येतो तो कुणी गेले म्हणूनच.

“सगळं ठीक. येझदीच्या सुईची क्लिप कितव्या खाचेत होती?”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, फोन तुटला.

“वरून तिसरी,” तो म्हणाला. “कंपनीची दुसरी होती. मी एक खाच खाली घेतली होती. क्लिप खाली घेतली म्हणजे सुई वर येते. आईला घेऊन जेजुरीला गेलो ना, तेव्हा. दोन माणसं, वर तिची ती पिशवी, आणि खंडाळ्याचा घाट. म्हटलं, ओढ कमी पडायला नको.” मग थोड्या वेळाने, “पायलट जेट साफ केलंस?”

“हो.”

“आईची स्टोव्हची पिन नाही ना घातलीस?”

मी काही बोललो नाही. पलीकडून हसल्याचा आवाज आला. “खण उघडला असशील तू. मला ठाऊक आहे. मी १९८७ साली घातली होती. नवं जेट आणावं लागलं.”

पाडव्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दादा आला. बोलावले नव्हते. बोरिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून मुलुंड. हातात वहिनींनी दिलेला करंज्यांचा डबा आणि खांद्याला पान्यांची ती जुनी रेक्झिनची पिशवी. तोपर्यंत मेस्त्रींनी टाकी धुऊन दिली होती, रबराची नळी नि प्लग नवे घातले होते, कार्बुरेटर जागेवर बसला होता. गाडीच्या कागदांची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे रस्त्यावर नेण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही दोघांनी ती ढकलत आवारात आणली. दादाने तोटी उघडली, पेट्रोल ओघळेपर्यंत कार्बुरेटरवरची कळ दाबली, दांडा आत दाबून वर फिरवला. त्याचे वय आता सत्तरीला टेकले आहे. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या किकलाही नाही. “तू मार,” तो म्हणाला. मी मारली. पाचव्या की सहाव्या किकला दोन्ही सायलेन्सरांतून पांढऱ्या धुराचे लोट निघाले आणि ती बोलू लागली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसे बाहेर आली. कुणी खोकले, कुणी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती चकल्यांची ताटली घेऊन जिन्यात उभी होती.

दादा उकिडवा बसून कान देऊन ऐकत होता. त्याच्या शेजारी बसून मी पूर्वीसारखा स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. आवाज एवढा होता की जे बोलायचे ते बोलून टाकायला सोयीचे होते.

“दादा, ते पत्र मी स्वतः घेऊन यायला हवं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला. “फुल्या कशाला मारल्यास रे?” तो म्हणाला. “मला सही कुठं करायची ते कळत नव्हतं का?” आणि मग, हवेच्या स्क्रूला अर्धा फेरा देत, “ऐक आता. आता बघ कशी एकसारखी चालते.”

खरेच ती एकसारखी चालू लागली.

काही वेळाने त्याने तोटी बंद केली, पण इंजिन बंद केले नाही. वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालत राहिली. संपत आले तेव्हा तिचा आवाज क्षणभर चढला आणि मग ती आपण होऊन थांबली. “बंद करायची ती अशी,” दादा म्हणाला.

नव्या इमारतीचे काम होईपर्यंत गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न होताच. दादाच्या सोसायटीत आता एक जागा मोकळी झाली आहे. त्याच आठवड्यात टेम्पो करून आम्ही ती बोरिवलीला नेली. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

“तुझ्याकडेच राहू दे,” तो म्हणाला. “आठवड्यातून एकदा किक मारायला येत जा.”

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये तसा एकच डोंगर आहे, राष्ट्रीय उद्यानाचा. पण आगगाडीने जायचे तर पार दादरला वळसा घालावा लागतो. मी जवळजवळ दर रविवारी जातो. एखाद्या रविवारी पाऊस असतो, तरीही जातो.